एकतीसमधले नऊ

घरात तिला सगळे बुटकी म्हणत, कारण ती बुटकीच होती. पुढे ती शास्त्रज्ञ झाली, परिषदांमध्ये भाषणं द्यायला लागली, माईकची उंची कमी करायला माणूस धावत यायचा, तरी घरी बुटकीच राहिली. आई गेल्यावर तिच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या दादाने तिला वाढवलं आणि दादाचं लग्न झाल्यावर वहिनीने. पहिल्याच आठवड्यात बुटकीने तिला ‘तुम्ही’ म्हटलं, तेव्हा वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुम्ही म्हटलंस ना की माझे गुडघे दुखायला लागतात. तू म्हण.”

वहिनी शाळेत खेळ शिकवायची. तिचा आवाज असा की शिट्टी घरी विसरली तरी तिचं काही अडायचं नाही. मैदानाच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाचं पोर नुसत्या हाकेने जागच्या जागी थांबवायची. दादा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, दिवसभर अंधाऱ्या खड्ड्यांमध्ये ग्रीसने माखलेला असायचा आणि बोलायचा कमी. “आमच्या घरात आवाजाची वाटणी नीट झाली नाही,” असं तो म्हणायचा. त्याचा तेवढाच एक विनोद होता आणि तो वहिनीला दर वेळी नव्याने आवडायचा.

शाळेच्या मैदानाला एक उंच भिंत होती. भिंतीपलीकडे सगळ्या शहराचा कचरा जाळायचा कारखाना. लोक त्याला भट्टी म्हणत. घर शाळेपासून चार गल्ल्यांवर. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं. वहिनी धुणं आतल्या खोलीत वाळत घालायची. “पांढरं काही घ्यायचंच नाही, म्हणजे भांडण मिटलं,” ती म्हणायची आणि मैदानावर जाऊन पोरांना शिकवायची, दीर्घ श्वास घ्या, पोटापर्यंत घ्या, सोडा.

बुटकी जे शिकली ते या धुराबद्दलच. घर सोडून ती मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत गेली. तिथे तिला संशोधन शिकवणाऱ्या सरांच्या हाताखाली तिने आणि आणखी दोघांनी मिळून संगणकावर चालणारं एक मॉडेल तयार केलं. चिमणीतून काय निघतं, किती निघतं, वारा कुठून वाहतो, जमीन कुठे उंच कुठे सखल, हे त्याला सांगितलं की धूर कुठे किती उतरतो ते ते दाखवायचं. मग तिथे किती माणसं राहतात, त्यांची वयं काय, एरवी त्यांच्यातली किती आजारी पडतात, हे दिलं की धुरामुळे जास्तीची किती आजारी पडतील आणि किती दगावतील तेही सांगायचं. सरांचा एक हट्ट होता. मॉडेल कुणालाही फुकट वापरता आलं पाहिजे. “असली अवजारं फक्त कंपन्यांकडे असतात, म्हणून त्या जिंकतात,” सर म्हणायचे. “ज्यांच्या डोक्यावर धूर पडतो त्यांच्याकडे नकोत का?” बुटकीला तेव्हा सर देवमाणूस वाटायचे.

वहिनीचा खोकला तिने फोनवर ऐकला. आधी वहिनीने तो खडूच्या धुळीवर ढकलला, मग ऋतुबदलावर. खोकता खोकता बोलणं तुटायला लागलं, तेव्हा दादा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. फुप्फुसाचा कर्करोग होता आणि तो बराच पुढे गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, धूम्रपान करता का? वहिनी म्हणाली, “मी पोरांना बिड्या ओढताना पकडते.” डॉक्टर हसले नाहीत.

बुटकी सुट्टी काढून आली. हॉस्पिटलमध्ये वहिनीच्या शेजारी बसून राहायची. वहिनीचं बोलणं आता कानाजवळ वाकल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. एकदा तिने बुटकीला खूण करून जवळ बोलावलं.

“घंटा वाजवली तरी नर्स येत नाही,” ती कुजबुजली. “उद्या शिट्टी घेऊन ये.”

बुटकी हसली आणि बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन रडली. शिट्टी आणायची वेळ आली नाही. पहाटे दादाचा निरोप आला तेव्हा ती अजून अंथरुणातच होती.

काही महिने दादाने काही केलं नाही. कामावर जायचा, यायचा. मग शेजारच्या गल्लीतली एक बाई त्याच आजाराने गेली, मग शाळेचा जुना शिपाई. दादा एका वकीलबाईंकडे गेला. या वकीलबाई कामगारांचे खटले लढवायच्या, बोलायला तिखट आणि कामाला चोख. त्यांनी भट्टीच्या कंपनीवर दावा लावला आणि दादाला स्पष्ट सांगितलं, “धुराने माणसं मरतात एवढं म्हणून भागणार नाही. तुमची पत्नी धुराने मेली हे दाखवावं लागेल. कायद्याला शंभर टक्के खात्री लागत नाही, पण अर्ध्याच्या वर लागते. धुराने मेली असण्याची शक्यता न मेली असण्यापेक्षा जास्त, एवढं कुणीतरी जाणकाराने उभं राहून सांगायला हवं.”

दादाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी जरा तरतरी आली. “जाणकार आमच्या घरातच आहे,” तो म्हणाला.

तो बुटकीच्या ऑफिसमध्ये पहिल्यांदाच आला. इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि लिफ्टने न येता जिन्याने आला होता. “तुमच्या लिफ्टचा आवाज बरोबर नाही,” तो म्हणाला, “कुणाला तरी सांग.” मग खुर्ची ओढून तो तिच्या संगणकासमोर बसला. बुटकीने त्यांच्या शहराचा नकाशा उघडला. भट्टीच्या भोवती लाल डाग पसरला होता, वाऱ्याच्या दिशेने लांबट झालेला. दादाने बोटाने गल्ल्या शोधल्या. शाळा सापडली, घर सापडलं.

“हे लाल म्हणजे आम्ही?”

“हो.”

“तुला हे कधीपासून माहीत होतं?”

“घर बदला म्हणून मी किती वेळा म्हटलं, दादा.”

“म्हणालीस खरी,” तो म्हणाला. “तिला शाळा सोडवेना. बरं, पुढे सांग.”

बुटकीने सांगितलं. भट्टी सुरू झाल्यापासून या लाल भागात फुप्फुसाच्या कर्करोगाने एकतीस माणसं गेली. धूर नसता तर साधारण बावीस गेली असती. म्हणजे नऊ जास्तीची.

“नऊ,” दादा म्हणाला. “कोण नऊ?”

“ते नाही कळत.”

“नाही कळत म्हणजे?”

“एकतीसमधल्या नऊजणांना धुरामुळे झाला. पण ते नऊ कोण, हे वेगळं काढता येत नाही. सगळ्यांचा आजार सारखाच दिसतो. त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.”

दादाने नकाशावरचं बोट काढून घेतलं. “लिफ्ट पडली,” तो सावकाश म्हणाला, “तर मी खाली उतरून सांगतो, ही दोरी तुटली. एवढ्या दोऱ्यांमधली कुठलीतरी तुटली असं म्हणालो तर मला कामावर कोण ठेवेल? नऊजण मारले हे तुला कळतं, आणि कोण मेलं ते कळत नाही?”

“दादा, हे असंच असतं.”

“एकतीसमधले नऊ म्हणजे अर्ध्याच्या खाली.”

“हो.”

“मग वाढव की.”

तो हे दटावून बोलला नव्हता. घरातला बल्ब मिणमिणला तर जसं म्हणतात तसं म्हणाला. आणि इथे बुटकीच्या हातून जे व्हायला नको होतं ते झालं. त्याला समजावून सांगावं म्हणून तिने त्याच्यासमोर मॉडेलमधल्या काही गोष्टी बदलून दाखवल्या. शाळेजवळचं हवा मोजायचं यंत्र मध्ये बराच काळ बंद होतं. त्या काळात धूर किती होता याचा अंदाजच करावा लागतो. तो अंदाज सगळ्यात वाईट धरला. किती धुराला किती आजार, याबद्दल जगात वेगवेगळे अभ्यास आहेत, त्यांतला सगळ्यात कडक घेतला. आकडा हलला आणि सतरावर जाऊन थांबला.

दादा खुर्चीवरून अर्धा उठला. “सतरा! एकतीसमधले सतरा. हे आहे की!”

“थांब, हेही बघ.” तिने घाईघाईने सगळं उलट केलं. सगळ्यात सौम्य अंदाज, सगळ्यात सौम्य अभ्यास. आकडा चारवर आला. “बघितलंस? चारपासून सतरापर्यंत कुठेही असू शकतो. नऊच्या आसपास असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.”

“पण सतरा असू शकतो?”

“असू शकतो.”

“मग खोटं नाही ना ते?”

खोटं नव्हतं ते.

“मग ते सांग,” दादा म्हणाला. उठला, शर्ट नीट केला आणि दारापाशी थांबला. “बुटके, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आणि हेही मी माझ्यासाठी मागत नाहीये.”

सुनावणीपर्यंतचे दिवस बुटकीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. सतरा म्हणावं असं तिच्या मनाने घेतलं होतं. ज्या अभ्यासाचा आधार घ्यायचा तो छापील होता, मोठ्या लोकांचा होता. यंत्र बंद असताना भट्टीने रात्री-बेरात्री काय काय जाळलं हे शेजाऱ्यांना माहीत होतं. कुणी सांगावं, सतराच खरा असेल. वहिनीचा तो तुटलेला आवाज आठवला की नऊ हा आकडा तिला स्वतःलाच नीच वाटायचा.

मग सुनावणीच्या सकाळी ती त्या खोलीत शिरली आणि कंपनीच्या बाजूच्या खुर्चीवर तिला सर दिसले.

सर निवृत्त झाल्यावर कंपन्यांना सल्ला देतात हे तिने ऐकलं होतं. या कंपनीला देतात हे तिला माहीत नव्हतं. पांढरे झालेले केस, तोच जुना चष्मा. तिला बघून ते प्रेमाने हसले. त्यांच्यासमोर टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि पडद्यावर तिचंच मॉडेल होतं. फुकट होतं, कुणालाही वापरता येत होतं.

ती सतरा म्हणाली, तर सर उठून शांतपणे दाखवून देतील की तिने प्रत्येक ठिकाणी एकाच बाजूला झुकतं माप दिलंय. भावजयीसाठी आकडे ताणले, असं म्हणतील. हा दावा तर जाईलच, पण मॉडेलही जाईल. आणखी पाच-सहा शहरांतली माणसं त्याच मॉडेलच्या आकड्यांवर आपापल्या भट्ट्यांशी, खाणींशी, वीजकेंद्रांशी झगडत होती. उद्या प्रत्येक ठिकाणचा वकील म्हणेल, हे तेच ना, नातेवाइकांसाठी वाकणारं?

दादा पहिल्या रांगेत बसला होता. तोच इस्त्रीचा शर्ट. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली.

वकीलबाईंनी तिला चांगलं बोलतं केलं. धूर, वारा, नकाशा, एकतीस मृत्यू. मग कंपनीचे वकील उठले. माणूस अगदी सभ्य होता.

“बाई, तुमच्या मॉडेलप्रमाणे या एकतीसमधले किती मृत्यू धुरामुळे?”

“चार ते सतरा.”

“फारच मोठा पल्ला झाला. तुमच्या स्वतःच्या मते सगळ्यात विश्वासार्ह आकडा कुठला? सरांनी तोच काढलाय, पण आम्हाला तुमच्या तोंडून ऐकायचाय.”

बुटकीने दादाकडे बघितलं नाही.

“नऊ.”

“म्हणजे बावीसजणांना हा आजार धूर नसतानाही झाला असता?”

“हो.”

“मग या दाव्यातल्या बाई त्या नऊमध्ये होत्या की बावीसमध्ये, हे तुम्ही शास्त्रज्ञ म्हणून सांगू शकता?”

“नाही.”

“जगात कुणी सांगू शकतं?”

“नाही.”

“त्या तुमच्या भावजय होत्या, बरोबर? त्यांनीच तुम्हाला वाढवलं. तरीही तुम्ही खरं बोललात याबद्दल मी तुमचा आदर करतो,” ते म्हणाले आणि खाली बसले.

वकीलबाईंनी पुन्हा उठून एकच प्रश्न विचारला. “धुराने माणसं मेली हे तरी नक्की?”

“जवळजवळ नक्की,” बुटकी म्हणाली.

“मग त्या नऊजणांच्या घरच्यांनी जायचं कुठे?”

कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी हरकत मान्य केली. बुटकीला खाली उतरायला सांगितलं.

बाहेरच्या बोळात सरांनी तिला गाठलं. “मला तुझा अभिमान वाटला,” ते म्हणाले. “फार कठीण होतं. दुसऱ्या कुणी आकडा ताणला असता.”

“सर, तुम्ही त्यांच्याकडून का?”

सरांनी चष्मा काढून पुसला. “मी त्यांना तेच सांगितलं जे तू सांगितलंस. आकडा सारखाच आला ना आपला? मग मी कुठल्या खुर्चीत बसलो याने काय फरक पडतो?”

तिने बॅग उचलली आणि ती पायऱ्यांकडे निघाली.

दादा पायऱ्यांवर उभा होता. ती जवळ गेली, तेव्हा तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “गाडी किती वाजता तुझी?”

“दादा…”

“उशीर होईल तुला.”

“दादा, मी सतरा म्हणाले असते तर त्यांनी…”

“मी काही बोललो का?” तो म्हणाला. खरंच तो काही बोलला नव्हता. त्याने तिची बॅग स्टॉपपर्यंत नेली, बस आली तेव्हा वर चढवून दिली आणि वळून चालायला लागला. लहानपणी ती शाळेच्या बसमध्ये बसली की बस कोपऱ्यावर वळेपर्यंत तो उभा राहायचा.

दावा फेटाळला गेला. निकालात बुटकीच्या प्रामाणिकपणाचं दोन ओळी कौतुक होतं. वकीलबाईंनी वर अपील केलं, तिथेही तेच दोन ओळींचं कौतुक उचलून दावा पुन्हा फेटाळला गेला.

ज्या पाच-सहा शहरांसाठी तिने नऊ म्हटलं होतं, तिथलंही काही धड झालं नाही. निकाल सगळ्यांनी वाचला होता. एका खाणीच्या गावातल्या माणसांना सांगितलं गेलं, तुमच्याकडे तर प्रमाण एकतीसमधल्या नऊपेक्षाही कमी बसतं. एका वीजकेंद्राने आपणहून मॉडेल वापरलं आणि चिमणीतून आणखी किती सोडलं तरी आपण अर्ध्याच्या खाली राहतो याचा आकडा काढला. तो अहवाल तपासायला बुटकीकडेच आला. तिने डोळ्यांत तेल घालून चूक शोधली. चूक नव्हती. मॉडेल त्यांनी अगदी बरोबर वापरलं होतं, ज्यांच्यासाठी ते केलं होतं त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं.

तिने काम सोडायचा विचार केला. पण तिने सोडल्याने मॉडेल थांबणार नव्हतं, ते आता तिचं राहिलंच नव्हतं. रोज लोकांचे प्रश्न यायचे, अमुक फाइल उघडत नाही, तमुक आकडा कुठे भरायचा. निम्मे प्रश्न कंपन्यांचे असायचे. ती उत्तरं द्यायची.

दादाकडे ती जायची. तो दार उघडायचा, पाणी द्यायचा, जेवायला वाढायचा. गल्लीत कुणाचं काय झालं ते सांगायचा. वहिनीचं नाव दोघंही काढत नव्हते. बुटकी म्हणून त्याने तिला पुन्हा हाक मारली नाही, खऱ्या नावाने मारायचा आणि ते ऐकताना तिला दर वेळी वाटायचं, तो दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. एकदा तिने हिंमत करून विचारलं, “दादा, तू मला माफ नाही का करणार?”

तो भांडी विसळत होता. “तू काय केलंस माफ करायला?” तो म्हणाला. “खरं बोललीस. खऱ्याला कसली माफी?” आणि नळ मोठा केला.

पुढे भट्टीला दुसरी चिमणी बांधायची परवानगी मिळाली. शहर वाढलं होतं, कचरा वाढला होता. परवानगीच्या कागदांसोबत मॉडेलचा अहवाल जोडलेला होता. त्यात लाल डाग चार गल्ल्यांच्या पुढे, बाजारापर्यंत गेला होता. बुटकीने दादाला फोन करून सांगितलं, घर विक, माझ्याकडे ये. तो म्हणाला, “हे घर आता कोण घेतं?” आणि तेही खरंच होतं.

दुसरी चिमणी सुरू झाल्यावर एका दुपारी ऑफिसात तिचा फोन वाजला. दादा आपणहून कधी फोन करत नसे. ती घाबरून बाहेर जिन्यात आली.

“काय झालं?”

“काही नाही. एक विचारायचं होतं.” तो बोलताना मध्येच थांबला. खोकला. दोनदा खोकला आणि घसा साफ करून जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाला, “झोपायला बाहेरची खोली बरी की आतली? तुमच्या त्यात काही कळतं का?”

बुटकी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मॉडेलच्या नकाशात सगळ्यात छोटा चौकोन एक किलोमीटरचा असतो. त्या एका चौकोनात त्याच्या दोन्ही खोल्या होत्या, शाळा होती, मैदान होतं, भट्टी होती. आतल्या आणि बाहेरच्या खोलीतला फरक मॉडेलला माहीत नव्हता. तिलाही माहीत नव्हता.

“आतली,” ती म्हणाली. “आतली बरी, दादा.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं,” तो म्हणाला. त्याने फोन कुठेतरी ठेवला, पण बंद केला नाही. मग तिला लोखंडी खाट फरशीवरून ओढल्याचा आवाज आला, थोडी ओढली, थांबला, खोकला, पुन्हा ओढली. खाट दारात अडकली असावी. फोन चालू आहे हे त्याच्या लक्षात नव्हतं. “दादा,” तिने हाक मारली, “दादा, एकट्याने ओढू नकोस.” पण तिचा आवाज वहिनीसारखा नव्हता, तो त्याच्यापर्यंत पोचला नाही.